जुन्या लॅपटॉपसाठी हलकी ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडावी

कोलकाता : ‘चांदणी चौक’ म्हटले की मराठी वाचकाला पुण्यातील वाहतुकीची कोंडी किंवा दिल्लीतील जुना बाजार आठवेल. कोलकात्यात मात्र चांदनी चौक मेट्रो स्थानकाच्या पायऱ्या चढून वर आले की संगणकांचा बाजार सुरू होतो. गणेशचंद्र ॲव्हेन्यू, मदन स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांमध्ये नव्या यंत्रांच्या बरोबरीने कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप आणि सुटे भाग मिळतात, दुरुस्तीही होते. घरात पहिलाच संगणक आणणारे विद्यार्थी आणि कमी भांडवलात कार्यालय उभारणारे व्यावसायिक यांच्या दृष्टीने हा बाजार महत्त्वाचा आहे.

अशा ग्राहकांपुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक नवा प्रश्न उभा राहिला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. ग्राहकांसाठी जाहीर झालेल्या विस्तारित सुरक्षा योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठरवण्यात आली. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय पद्धतीची सुरुवात आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक आहे. प्रोसेसरची अटही कडक आहे. इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद वगळता, २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मान्य यादीत आहेत. परिणामी, पडदा, कळफलक आणि मदरबोर्ड ठणठणीत असलेले असंख्य लॅपटॉप केवळ प्रणालीअभावी जुने ठरले आहेत.

त्यांच्या मालकांपुढे तीन मार्ग उरतात. यंत्र भंगारात काढणे, पाठिंबा संपलेल्या प्रणालीवर तसेच काम रेटणे किंवा यंत्राला पेलेल अशी दुसरी प्रणाली बसवणे. तिसरा मार्ग बहुतेकांना शक्य असतो. मात्र, त्यासाठी नावांच्या यादीतून एखादे नाव उचलण्याआधी आपले यंत्र आणि आपले काम नीट तपासावे लागते.

जुन्या प्रणालीचा धोका

‘माझ्या लॅपटॉपमध्ये चोरण्यासारखे आहेच काय?’ असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर २०१७ मधील दोन घटनांत सापडते. ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला. तो ज्या त्रुटीतून शिरला, ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्च रोजी, प्रसृत केली होती. बाधित झालेली यंत्रे मुख्यतः ती सुधारणा न बसवलेली होती. पश्चिम बंगालमध्ये पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील राज्य वीज वितरण कंपनीच्या काही कार्यालयांतील संगणकांनाही त्याची झळ बसली. पुढच्याच महिन्यात ‘पेट्या’ या नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्यात मार्स्क समूहाची जगभरातील यंत्रणा कोलमडली आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

या हल्ल्यांनी कोणा एका व्यक्तीला निवडून लक्ष्य केले नव्हते. दार उघडे सापडले की आत शिरायचे, अशीच त्यांची रीत होती. पाठिंबा संपलेली प्रणाली म्हणजे असे दार, की ज्याला पुढे कोणीही कुलूप बसवणार नाही. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात, ज्यावर मुलांचे दाखले आणि घरची छायाचित्रे आहेत, त्याच्या बाबतीत हा धोका पत्करणे योग्य नाही. म्हणून हलकी प्रणाली निवडताना ती किती वेगाने सुरू होते, याच्याही आधी तिला सुरक्षा सुधारणा केव्हापर्यंत मिळणार आहेत, हे विचारले पाहिजे.

हलकी म्हणजे काय?

भारतातील पहिला डिजिटल संगणक कोलकात्यातच आला. बराहनगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास इंग्लंडहून आणलेले ‘एचईसी-२एम’ हे यंत्र बसवण्यात आले. त्याच्या फिरत्या ढोलावरील स्मृतीत अवघे १०२४ शब्द मावत. आजच्या अर्थाने त्याला ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच. प्रत्येक काम यंत्राच्या भाषेत लिहून छिद्रित पत्त्यांच्या साह्याने आत घालावे लागे. प्रणाली आली ती माणसाचे हे कष्ट वाचवण्यासाठी, आणि सोयी वाढत गेल्या तसतसे तिचे वजनही वाढत गेले.

हे वजन तीन थरांत विभागलेले असते. तळाशी कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा असतो. प्रोसेसर, स्मृती आणि जोडलेली उपकरणे यांचे नियोजन तो करतो. त्याच्यावर डेस्कटॉप असतो. खिडक्या, यादीपट्टी, चिन्हे, फायलींचे कपाट हे सारे त्यात येते. सर्वांत वर आपले प्रोग्रॅम, आणि त्यांत सर्वांत जड ब्राउझर. लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांमध्ये गाभा जवळजवळ सारखाच असतो. फरक पडतो तो डेस्कटॉपमुळे. ग्नोमसारखा भरजरी डेस्कटॉप काहीही न उघडता एक जीबीच्या आसपास किंवा त्याहून अधिक रॅम व्यापतो. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे साधे डेस्कटॉप साधारणपणे त्याच्या निम्म्यात भागवतात. ओपनबॉक्स किंवा आइसडब्ल्यूएम यांसारखे केवळ खिडक्या सांभाळणारे प्रोग्रॅम वापरले, तर हा आकडा आणखी खाली येतो.

हलक्या प्रणालीच्या जाहिरातीत जी गोष्ट बहुधा सांगितली जात नाही, ती येथे सांगणे भाग आहे. प्रणालीने वाचवलेली रॅम ब्राउझर घटकाभरात खाऊन टाकतो. ईमेल, बातम्यांचे एक संकेतस्थळ आणि एक चित्रफीत अशी तीन-चार पाने उघडली की एक जीबीहून अधिक स्मृती सहज लागते. आजच्या संकेतस्थळांचे वजन कोणतीही प्रणाली कमी करू शकत नाही. त्यामुळे २ जीबी रॅमच्या यंत्रावर प्रणाली कितीही हलकी असली, तरी एका वेळी मोजकीच पाने उघडण्याची शिस्त लावून घ्यावी लागते.

आधी यंत्राची ओळख

पहिली तपासणी प्रोसेसरची. तो ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, यावर पुढील सारे अवलंबून आहे. इंटेलचे २००६ च्या आरंभी आलेले ‘कोअर ड्युओ’ ३२ बिटचे होते, तर त्याच वर्षी जुलैनंतर आलेले ‘कोअर टू ड्युओ’ ६४ बिटचे. नावात एका आकड्याचा फरक, पण आज त्यामुळे यंत्राचे भवितव्य बदलते. २००८ च्या सुमारास लोकप्रिय झालेल्या छोट्या नेटबुकमध्ये ‘ॲटम एन२७०’ हा प्रोसेसर असे. तो केवळ ३२ बिटचा आहे. त्यानंतरच्या पिढीतील ‘एन४५०’ मात्र ६४ बिट प्रणाली चालवू शकतो. २०१३-१४ च्या सुमारास आलेल्या काही स्वस्त, टॅबलेटवजा लॅपटॉपमध्ये आणखी एक गुंता आहे. त्यांचा प्रोसेसर ६४ बिटचा, पण यंत्र सुरू करणारे यूईएफआय ३२ बिटचे. अशा यंत्रावर नेहमीचा पेन ड्राइव्ह सुरूच होत नाही आणि दोष प्रणालीला दिला जातो. विंडोजमध्ये ‘सिस्टीम’ या पानावर प्रोसेसरचा प्रकार दिसतो. ‘एक्स६४-आधारित’ असे लिहिले असेल, तर यंत्र ६४ बिटचे समजावे. त्यावरची विंडोज ३२ बिटची असली, तरी हरकत नाही.

दुसरी तपासणी रॅमची आणि ती वाढवता येते का, याची. जुन्या जाड लॅपटॉपमध्ये मागचे झाकण उघडून रॅमची पट्टी बदलता येते. बारीक अंगाच्या यंत्रांत ती अनेकदा मदरबोर्डवरच डकवलेली असते.

तिसरी तपासणी हार्ड डिस्कची. या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण अनेकदा खरा रोग येथे असतो. लॅपटॉपमधील नेहमीची हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी. निरनिराळ्या जागी विखुरलेली माहिती गोळा करताना तिचा काटा सतत इकडून तिकडे धावतो. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्याने हा वेळ जवळपास नाहीसा होतो. सहा-सात वर्षांपूर्वीचा, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप ‘चालतच नाही’ अशी तक्रार असेल, तर प्रणाली बदलण्याआधी अडीच इंची साटा एसएसडी बसवून पाहावी. चांदनी चौकात असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, हे काम दुकानदार थोड्या वेळात करून देतात. प्रस्तुत लेखकाच्या मते, जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल, तर तो हाच.

दमट हवेच्या शहरात, म्हणजे कोलकात्यात आणि तसेच मुंबईत, आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. मालकाला मात्र प्रणाली मंदावल्यासारखी वाटते. दुसरी गोष्ट मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी. ती संपली की यंत्राचे घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेवरून पडताळली जात असल्याने, ती मग उघडतच नाहीत. नवी प्रणाली घालूनही ‘इंटरनेट बंद’ असे वाटावे आणि कारण साध्या नाणे-बॅटरीत निघावे, हे अनेकदा घडते.

कोणत्या यंत्राला काय पेलेल?

४ जीबी किंवा अधिक रॅम आणि ६४ बिटचा प्रोसेसर असेल, तर नवख्या वापरकर्त्याने लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पाहावी. तिची अधिकृत किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी साठवण अशी असली, तरी ४ जीबीची शिफारस तिचे निर्मातेच करतात. तिचा पडदा विंडोजच्या जुन्या सवयींना जवळचा आहे आणि प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण पाच वर्षे सुधारणा मिळतात. घरातील ज्येष्ठांसाठी ही स्थिरता वेगापेक्षा मोलाची ठरते.

२ जीबीच्या आसपास रॅम असल्यास लुबुंटूचा विचार करावा. उबुंटूच्या या भावंडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये एलएक्सडीई सोडून एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉप स्वीकारला. जुने लेख वाचून निवड करणाऱ्यांना हा बदल अनेकदा ठाऊक नसतो. त्याच्या दीर्घकालीन आवृत्त्या दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येतात आणि त्यांना तीन वर्षे पाठिंबा मिळतो. मधल्या आवृत्त्यांचा पाठिंबा नऊ महिन्यांत संपतो, म्हणून जुन्या यंत्रावर त्या घालू नयेत. थोडी खटपट करण्याची तयारी असलेल्यांना मूळ डेबियनच घेऊन त्यावर हवा तो हलका डेस्कटॉप बसवता येतो. २०२३ च्या डेबियन १२ पासून वाय-फायसाठी लागणारी खासगी मालकीची फर्मवेअर स्थापनेच्या संचातच दिली जाऊ लागल्याने, पूर्वीची मोठी अडचण दूर झाली आहे.

१ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या यंत्रांसाठी अँटीएक्स, पपी आणि टायनी कोअर ही नावे पुढे येतात. अँटीएक्स डेबियनवर आधारलेली असून ५१२ एमबी रॅमवरही ती चालावी, असा तिच्या निर्मात्यांचा प्रयत्न आहे. ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली पपी संपूर्णपणे रॅममध्ये उतरते. त्यामुळे हार्ड डिस्क बिघडलेल्या यंत्रावरही ती पेन ड्राइव्हवरून चालते. टायनी कोअर काही दशक एमबीत मावते. तिचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण घरच्या रोजच्या वापरासाठी ती सुचवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रत्येक सोय तिच्यात हाताने जोडावी लागते.

गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही निराळ्या वाटेची प्रणाली आहे. २०२० च्या अखेरीस गूगलने ‘क्लाउडरेडी’ या प्रणालीची निर्माती कंपनी विकत घेतली आणि २०२२ मध्ये त्या पायावर फ्लेक्स सर्वांसाठी खुली केली. तिला ४ जीबी रॅम, १६ जीबी साठवण आणि ६४ बिटचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर लागतो. केवळ ब्राउझरवर काम भागत असेल, तर ती सोपी आणि सुरक्षित आहे. मात्र, तिच्यावर अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत, गूगल खाते जवळपास अपरिहार्य ठरते आणि दुसऱ्या प्रणालीशेजारी ती राहत नाही. बसवताना संपूर्ण डिस्क पुसली जाते. गूगलच्या प्रमाणित यादीत प्रत्येक मॉडेलपुढे पाठिंब्याची अखेरची मुदतही दिलेली असते, ती आधी पाहावी.

सी-डॅकने २००७ पासून विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. भारतीय भाषांचा पाठिंबा हे तिचे वैशिष्ट्य आहे. हलकेपणा हा तिचा मुख्य उद्देश नसल्याने, अगदी जुन्या यंत्रासाठी मात्र ती पहिली निवड ठरत नाही.

अटी बगल देऊन विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या किंवा कोणीतरी कापून लहान केलेल्या तिच्या प्रती, यांविषयीही विचारणा होते. अमान्य यंत्राला सुधारणा मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय, २०२४ मधील ‘२४एच२’ आवृत्तीपासून ज्या प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ संचातील आज्ञा नाहीत, त्यावर विंडोज ११ सुरूच होत नाही. त्यात बहुतेक कोअर टू ड्युओ यंत्रे बाद होतात. कोणीतरी अनोळखी व्यक्तीने कापून जोडलेली प्रणाली बँकेच्या कामासाठी वापरणे म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलाचा हेतूच गमावणे होय.

मराठीचे काय?

हलक्या प्रणालींच्या चर्चेत हा प्रश्न क्वचितच येतो. मराठी वाचकासाठी मात्र तो निर्णायक आहे. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासाच्या आधाराने कोलकात्यात वावरणाऱ्या मराठी मंडळींनी स्थानिक बाजारातून लॅपटॉप घेतला, तर त्यावर बंगालीची सोय असण्याचा संभव अधिक. मराठी स्वतः जोडावी लागते. लिनक्समध्ये हे काम सोपे आहे. कळफलकांच्या यादीत ‘भारत’ या नोंदीखाली बंगालीचे बैशाखी, गीतांजली हे आराखडे आणि मराठीचा ‘कगप’ हा ध्वन्यनुसारी आराखडा शेजारी शेजारी असतात. सरकारी प्रमाण असलेला इनस्क्रिप्टही तेथेच आहे. बंगाली आणि मराठी, दोन्हींचा इनस्क्रिप्ट आराखडा तत्त्वतः एकच असल्याने, एकदा हात बसला की दोन्ही लिप्या टंकित करता येतात.

ही सोय आपोआप झालेली नाही. २००० च्या दशकात ‘इंडलिनक्स’ या उपक्रमातून हिंदी, मराठीसह भारतीय भाषांचे अनुवाद सुरू झाले आणि बंगालीसाठी ‘अंकुर’ या गटातील स्वयंसेवकांनी तेच काम केले. आज लिबर ऑफिसच्या यादीपट्ट्या मराठीत दिसतात, त्यामागे अशा अनुवादकांचे बिनमोल श्रम आहेत. भाषांतराच्या व्यवसायातील माणसाला त्याचे अप्रूप थोडे अधिकच वाटते.

प्रणाली निवडताना मराठीची परीक्षा पाच मिनिटांत घेता येते. ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’ आणि ‘ॲप’ हे शब्द लिहून पाहावेत. पहिल्या दोन शब्दांतील अर्धा र इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट कळीसह इंग्रजी जे दाबून मिळणाऱ्या ‘ऱ’ पासून तयार होतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, त्यामुळे त्याआधीच्या फाँटमध्ये तेथे रिकामा चौकोन दिसतो. नंतर ‘ल’ आणि ‘श’ पाहावेत. नोटो किंवा लोहितसारख्या फाँटमध्ये या अक्षरांची मराठी वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रणालीला सांगितले, तरच ती उमटतात. अन्यथा हिंदी वळणे दिसतात. मिंट, लुबुंटू आणि डेबियन या परीक्षेत उत्तीर्ण होतात. पपी आणि टायनी कोअर यांच्या मूळ संचात देवनागरी फाँट बहुधा नसतात. ते नंतर जोडावे लागतात, आणि त्यासाठी इंटरनेट आधी चालू व्हावे लागते.

युनिकोडपूर्व काळातील मजकूर ही वेगळी डोकेदुखी आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटमधील जुन्या फायली लिनक्सवर उघडण्यासाठी ते फाँट बसवता येतात, पण टंकलेखनाचे त्यांचे प्रोग्रॅम विंडोजसाठीच लिहिलेले आहेत. ज्या मुद्रणालयात किंवा मंडळाच्या कार्यालयात वर्षानुवर्षांचा मजकूर अशा स्वरूपात आहे, त्यांनी तो युनिकोडमध्ये आणल्याखेरीज विंडोज पुसू नये. हिशेबाच्या टॅलीलाही हेच लागू आहे, ती अधिकृतपणे विंडोजवरच चालते. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी तपासावे.

पुसण्यापूर्वी चालवून पाहा

लिनक्सची बहुतेक वितरणे हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून चालवता येतात. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. रुफस, बलेना एचर किंवा व्हेंटॉय यांपैकी एका प्रोग्रॅमने तो तयार करता येतो. व्हेंटॉयची सोय अशी, की एकाच पेन ड्राइव्हवर अनेक प्रणालींच्या फायली ठेवून एकेक चालवून पाहता येते. जुना लॅपटॉप विकत घेताना असा पेन ड्राइव्ह खिशात असावा. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, कॅमेरा आणि पडद्याचा प्रकाश नियंत्रणात आहे का, हे दुकानातच पाहता येते. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वाय-फाय चिप लिनक्सवर त्रास देतात. अशा वेळी लहानसा यूएसबी वाय-फाय जोडणे स्वस्त पडते. बायोसला पासवर्ड घातलेला नाही ना, हेही तेव्हाच पाहावे, कारण कंपन्यांकडून आलेल्या यंत्रांत तो राहून गेलेला असू शकतो.

प्रणालीची फाइल मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि तिची तपासबेरीज जुळवून पाहावी. हा सल्ला केवळ पुस्तकी नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरकाव केला होता आणि फाइल उतरवणाऱ्यांना चोरवाट असलेली प्रत मिळेल, अशी व्यवस्था केली होती. ज्यांनी तपासबेरीज जुळवली, त्यांना तफावत कळू शकली.

चाचणी समाधानकारक झाली की घरच्या सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. त्यानंतरच प्रणाली बसवावी. कमी रॅमच्या यंत्रावर ‘झेडरॅम’ ही सुविधा सुरू करावी. स्मृतीतील न लागणारा भाग ती डिस्कवर न पाठवता रॅममध्येच दाबून ठेवते. प्रोसेसरवर थोडा भार येतो, परंतु जुन्या हार्ड डिस्कच्या खडखडाटापेक्षा तो परवडतो.

३२ बिटची मावळती

वर्षानुवर्षे ‘जुन्या यंत्रावर लिनक्स घाला’ हा सल्ला डोळे मिटून देता येत असे. ३२ बिटच्या यंत्रांबाबत ते दिवस आता सरले आहेत. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहायला घेतले, त्याचाच पाठिंबा फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत संपला. क्रोम ब्राउझरने ३२ बिट लिनक्सला मार्च २०१६ मध्ये निरोप दिला. लुबुंटूची ३२ बिटची शेवटची आवृत्ती २०१८ मधील. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट इंटेल यंत्रांसाठी स्थापनेचा संच दिलेला नाही. फायरफॉक्सने आवृत्ती १४५ पासून ३२ बिट लिनक्स सोडले आणि अशा वापरकर्त्यांसाठी १४० क्रमांकाच्या दीर्घकालीन आवृत्तीला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सुधारणा देण्याचे जाहीर केले.

त्यामुळे ॲटम एन२७० चे नेटबुक आज कोणी कितीही स्वस्तात देऊ केले, तरी इंटरनेटसाठी ते घेऊ नये. घरात आधीपासून असेल, तर गोष्ट वेगळी. डेबियन १२ ला दीर्घकालीन पाठिंबा ३० जून २०२८ पर्यंत आहे आणि तिच्यावर आधारलेली अँटीएक्स २३ ही ३२ बिटमध्येही उपलब्ध झाली. त्यावर मराठी टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, ध्वनिफिती ऐकणे अशी कामे व्यवस्थित होतात. कमी ताकदीच्या यंत्रातूनही ठरावीक काम उत्तम होते, हे महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा एक प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका खेड्यातील शाळेत झाला होता. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण एवढेच होते, पण त्यावरील ‘शुगर’ हा डेस्कटॉप मुलांच्या कामापुरताच बेतलेला होता.

ज्या यंत्राला यांपैकी काहीच पेलत नाही, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेले पाहिजे. देण्यापूर्वी रॅमची पट्टी, चार्जर आणि चांगली असल्यास बॅटरी काढून घ्यावी. हार्ड डिस्कवरील फायली नुसत्या पुसल्याने माहिती जात नाही, म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहावीत. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात.